आप्पांचा खातेउतारा

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत पेढी आहे. आजोबांनी ती सुरू केली आणि माझे वडील व त्यांचे धाकटे बंधू, म्हणजे आमचे आप्पा, यांनी ती वाढवली. वडील सौद्याला उभे राहत. कीर्द-खतावणी आप्पांकडे असे. सूर्यास्तापूर्वी ते जेवायला घरी येत आणि हिशेबात चार आण्यांचाही फरक राहिला असेल तर हात धुऊन पुन्हा पेढीवर जात. त्यांच्या अक्षरातील वह्या आजही माडीवरच्या कपाटात आहेत. त्यांत खाडाखोड सापडणार नाही.

साठीच्या आसपास आप्पांना काचबिंदूने गाठले. दोन शस्त्रक्रिया झाल्या. पण काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नसते. कडेकडेने अंधार सरकत आला आणि चार वर्षांत त्याने मधला उजेडही घेतला. तरीही आप्पांनी गादी सोडली नाही. आलेल्या मालातील हळकुंड हातात घेऊन ते मोडतात आणि त्याच्या टणक आवाजावरून वाळवण नीट झाली आहे की नाही, हे सांगतात. शेतकरी त्यांच्या या पारखेवर विश्वास ठेवतात. डोळे गेल्यानंतरही आप्पा व्यापारीच राहिले.

त्यांच्या हातून निसटला तो त्यांच्या स्वतःच्या पैशांवरचा ताबा. पूर्वी बँकेत पासबुक भरून मिळे आणि काउंटरवरील ओळखीचे गृहस्थ त्यातील नोंदी त्यांना वाचून दाखवत. पुढे ते गृहस्थ निवृत्त झाले, व्यवहार मोबाइलवर आले आणि आप्पांच्या फोनवर बँकेचे ॲप बसवण्यात आले. फोनमधील आवाज ॲप उघडताच म्हणे, ‘बटण, बटण, बटण.’ कोणते बटण कशाचे, हे तो सांगत नसे. पिन टाकण्याच्या पडद्यावर तर तो पूर्ण मुका होई. म्हणून पिन चौघांना सांगण्यात आला : माझे चुलतभाऊ दादा, वहिनी, मी आणि पेढीवर बारा वर्षे काम करणारे एक गृहस्थ, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू. मामा दिवसभर आप्पांजवळ असत, त्यामुळे फोन बहुधा त्यांच्याच हातात असे.

२०२५ च्या चैत्रात, ऐन हंगामात, आप्पांनी दादाला शिल्लक विचारली. त्यांच्या मनातील आकडा आणि दादाने सांगितलेला आकडा यांत ₹१२,४०० चा फरक निघाला. आप्पांचा तोंडी हिशेब चुकत नाही, हे घरात सर्वांना ठाऊक होते. मग रक्कम कोणी काढली? मोठ्याने कोणी काहीच बोलले नाही. वहिनींनी मामांना अगदी हळू आवाजात विचारले, ‘मामा, तुम्ही काही कारणाने काढले होते का हो?’ मामांनी मान हलवून नाही म्हटले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेढीच्या किल्ल्या गादीवर ठेवल्या, आप्पांच्या पायांना हात लावला आणि ते निघून गेले. दादाचा मला पुण्याला फोन आला, तेव्हा मी एवढेच म्हणाले, ‘आधी पिन बदला.’ मामांवरील संशयाला माझीही संमती होती, हे त्या तीन शब्दांत स्पष्ट होते.

पाच आठवड्यांनी विमा कंपनीचे पत्र आले. आप्पांनी डोळे शाबूत असताना एक पॉलिसी घेतली होती आणि तिचा वार्षिक हप्ता खात्यातून परस्पर वळता करण्याची सूचना स्वतःच सही करून दिली होती. यंदा हप्त्याची रक्कम आणि तारीख दोन्ही बदलल्या होत्या. ते ₹१२,४०० तिथे गेले होते. खातेउताऱ्यात ती नोंद तारखेसह होती आणि तो उतारा महिन्याच्या दोन तारखेला आप्पांच्या फोनवर आलेला होता.

‘आप्पा, तुम्ही उतारा ऐकला नव्हता का?’ मी विचारले.

‘तीनदा ऐकला, बाळ,’ ते म्हणाले. ‘आधी सगळ्या तारखा वाचतो, मग सगळी चिन्हे आणि अक्षरे, मग सगळ्या रकमा. कोणती रक्कम कोणत्या तारखेची, हे कसे लावायचे? चाळीस वर्षे कीर्द लिहिली. पण अशी उसवलेली कीर्द मी पाहिली नाही.’

आता माझ्या व्यवसायाविषयी सांगायला हवे. संस्थांची संकेतस्थळे आणि ॲप दिव्यांग व्यक्तींना वापरता यावीत आणि त्याविषयीचे कायदे त्या संस्थांकडून पाळले जावेत, यासाठी मदत करणे हे माझे काम आहे. माझे बहुतेक ग्राहक परदेशी आहेत. अमेरिकेत १९९० चा दिव्यांगविषयक कायदा आहे आणि त्याखाली संकेतस्थळांबाबत तिथे वर्षानुवर्षे दावे दाखल होत आले आहेत. युरोपीय संघाचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला. त्यामुळे तिकडच्या कंपन्या पैसे मोजून तपासणी करून घेतात. ‘तक्त्यातील स्तंभांना शीर्षके जोडलेली नाहीत, त्यामुळे वाचनाचा क्रम बिघडतो,’ हे वाक्य मी परक्या बँकांच्या अहवालांत कितीदा लिहिले असेल याची गणती नाही. आप्पांच्या उताऱ्यात नेमका हाच दोष होता. तो दोष मला पाच मिनिटांत दिसला असता. पण मी तो उतारा कधी उघडून पाहिला नव्हता.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडे सांगते. दृष्टिहीन व्यक्ती फोन किंवा संगणक वापरते ती ‘स्क्रीन रीडर’ नावाच्या प्रणालीच्या साहाय्याने. पडद्यावरचा मजकूर ती मोठ्याने वाचून दाखवते. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’, आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ आधीपासूनच असते. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य प्रणाली मिळते आणि तिची सुरुवात ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये केली. स्क्रीन रीडरला चित्र दिसत नाही. त्याला चित्रामागे लिहिलेले शब्द लागतात. बटणावर नुसते पिशवीचे चिन्ह असेल आणि त्यामागे ‘खरेदीची पिशवी’ असे नाव दिलेले नसेल, तर तो ‘बटण’ एवढेच म्हणतो. ही नावे देणे, मजकुराचा क्रम लावणे, तक्त्याला शीर्षके जोडणे हे काम ॲप बनवणाऱ्याचे आहे. ते झाले की पुढचे स्क्रीन रीडर पाहतो.

त्याच वर्षी दिवाळीला मी सांगलीला गेले. वहीपूजन झाल्यावर दादाने नवे ॲप दाखवले. आमच्या पेढीची हळद पूड आता घरबसल्या मागवता येणार होती. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे बोधचिन्ह वर झळकत होते. सगळ्यांनी कौतुक केले. आप्पा म्हणाले, ‘दे बघू इकडे. पहिली मागणी माझी. एक किलो.’

फोन बोलू लागला : ‘चित्र. चित्र. बटण. बटण.’ दर चित्रात कोरलेला होता, म्हणून तो ऐकू आला नाही. वजन वाढवण्याचे चिन्ह सापडले नाही. वाकडीतिकडी अक्षरे ओळखून लिहिण्याची अट आली. ती वहिनींनी पूर्ण केली. ओटीपी आला, पण त्याची चौकट शोधेपर्यंत तीस सेकंदांची मुदत संपली. दुसऱ्यांदाही संपली. आप्पांनी फोन खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, ‘आपल्याच दुकानाची पायरी मला सापडेना.’

दादाचा चेहरा उतरला. पण तो व्यापारी आहे. रात्री त्याने मला बाजूला घेऊन विचारले, ‘मला एक सांग. आप्पांचे मला कळते. पण हा कायदा आपल्यासारख्यांना लागू आहे का? तो सरकारी कचेऱ्यांसाठी असेल, फार तर मोठ्या कंपन्यांसाठी.’

हा समज सार्वत्रिक आहे, म्हणून दादाला दिलेले उत्तर इथेही देते. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारची दिव्यांगता मान्य होती. नव्यात एकवीस प्रकार आहेत. त्यातील ‘खाजगी आस्थापने’ची व्याख्या वाचण्यासारखी आहे : कंपनी, फर्म, सहकारी किंवा अन्य संस्था, न्यास, कारखाना असे सगळे तीत येते. म्हणजे आपली पेढी आली, पतसंस्था आली, वसतिगृह आणि धर्मशाळा चालवणारा न्यासही आला. सेवा देणारा सरकारी असो वा खाजगी, त्याने सुगम्यतेच्या नियमांनुसार सेवा द्यावी, असे कलम ४६ सांगते. नियम २०१७ मध्ये आले. त्यांत संकेतस्थळे आणि संगणकीय कागदपत्रे यांचाही समावेश आहे. तेव्हापासून दोन वर्षांची मुदत होती, ती केव्हाच संपली. उल्लंघनाला कलम ८९ खाली पहिल्या वेळी ₹१०,००० पर्यंत आणि त्यानंतर ₹५०,००० ते ₹५ लाख दंड आहे.

न्यायालयांनीही अलीकडे हा विषय गांभीर्याने घेतला आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचा मूळ नियम केवळ मार्गदर्शक स्वरूपाचा असल्याने तो कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानके करण्यास केंद्र सरकारला सांगितले. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी, म्हणजे आमच्या घरात मामांविषयीचा संशय धुमसत होता त्याच दिवसांत, सर्वोच्च न्यायालयाचा आणखी एक निकाल आला. ॲसिड हल्ल्यातून बचावलेल्या व्यक्तींनी आणि अमर जैन या दृष्टिहीन वकिलांनी याचिका केल्या होत्या. बँकेची ओळख पडताळणी मोबाइलवर करताना डोळ्यांची उघडझाप करण्याची अट असते. ज्यांना ती करता येत नाही त्यांनी काय करावे, हा प्रश्न होता. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि वीस निर्देश दिले. त्यानंतर ३१ जुलै २०२५ रोजी सेबीने शेअर बाजारातील दलाल, म्युच्युअल फंड आदी आपल्या नियंत्रणाखालील संस्थांसाठी डिजिटल सुगम्यतेचे परिपत्रक काढले.

‘म्हणजे दंड होऊ शकतो,’ दादा म्हणाला.

‘होऊ शकतो,’ मी म्हणाले. ‘पण दादा, आपण भरलेला दंड किती मोठा आहे ते बघ. बारा वर्षे प्रामाणिकपणे राबलेला माणूस घरातून गेला.’

दादा बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने ॲप करणाऱ्या मुलाला फोन लावला. तो मिरजेचा एक हुशार तरुण. त्याने चूक मुद्दाम केली नव्हती, त्याला हे कोणी शिकवलेच नव्हते. आम्ही तिघे बसलो आणि यादी केली. प्रत्येक बटणाला नाव द्यायचे. दर चित्रातून काढून अक्षरांत लिहायचा. पिवळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरे बदलायची. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ ला १ असावे, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. वाकड्या अक्षरांची अट काढायची. ओटीपीची मुदत वाढवायची आणि तो पुन्हा मागवण्याची सोय ठेवायची. चूक झाल्यास चौकट नुसती लाल न करता काय चुकले ते शब्दांत सांगायचे. हळद दळण्याच्या चित्रफितीला लिखित मजकूर जोडायचा, म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही ती कळेल. अकरा दिवसांत काम झाले. हीच काळजी सुरुवातीला घेतली असती तर बहुतेक खर्च वेगळा करावाच लागला नसता. बांधलेली भिंत फोडून दार बसवणे नेहमीच महाग पडते.

ही गोष्ट गावात पसरली आणि ओळखीच्या एका पतसंस्थेने मला संचालक मंडळापुढे बोलावले. अध्यक्षांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘ताई, आमच्याकडे अंध सभासद एकही नाही. मग हा खर्च कोणासाठी?’ मी विचारले, ‘साहेब, आपल्या शाखेला रस्त्यापासून किती पायऱ्या आहेत?’ ते म्हणाले, ‘सात.’ ‘मग चाकाच्या खुर्चीवरचा सभासद तुमच्याकडे कधी आला आहे का?’ मंडळात थोडे हसू झाले. एक वयस्क संचालक मात्र गंभीर होते. त्यांना मधुमेहामुळे अंधूक दिसत होते आणि संस्थेच्या ॲपमधील बारीक अक्षरे वाचता येत नसल्याने सर्व व्यवहार नातू करत असे. त्यांनी हे आजवर कोणाला सांगितले नव्हते. सभासदांच्या यादीत त्यांची नोंद ‘दिव्यांग’ म्हणून नव्हती. कोठल्याच यादीत ती नसते. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. पण वयपरत्वे ज्यांची नजर, कान आणि बोटे मंदावली आहेत असे आपल्या घराघरांतील वडीलधारे त्या आकड्यात कितीसे आले असतील?

संस्थांना मी आता एक साधा क्रम सांगते. प्रथम आपल्या सेवेतील तीन-चार मुख्य कामे निवडावीत : शिल्लक पाहणे, पैसे पाठवणे, उतारा घेणे, अर्ज भरणे. ती कामे स्क्रीन रीडर लावून, शिवाय संगणकावर माउसला हात न लावता करून पाहावीत. जिथे अडते तिथून दुरुस्ती सुरू करावी. दृष्टिहीन परीक्षकाला मोबदला देऊन तपासणीला बसवावे. तो एका तासात दाखवतो ते आम्हा डोळसांना आठवड्यात दिसत नाही. नवे काम देताना कंत्राटातच सुगम्यतेची अट आणि मानकाचे नाव लिहावे. भारतीय मानक ‘आयएस १७८०२’ उपलब्ध आहे. तक्रार ऐकण्यासाठी एक माणूस नेमून त्याचा क्रमांक जाहीर करावा. आणि ‘एक ओळ जोडा, संकेतस्थळ आपोआप कायदेशीर होईल’ असे सांगणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहावे. कोपऱ्यात एक बाहुलीचे चिन्ह आल्याने नाव नसलेल्या बटणाला नाव मिळत नाही. अनेक संस्थांना खरे काम नको असते, भिंतीवर लावायला प्रमाणपत्र हवे असते. त्यांना मी नम्रपणे नकार देते.

आप्पांच्या बँकेला आम्ही कायद्यातील कलमे नमूद करून दोनदा लिहिले. तिसऱ्या पत्राची प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाईल, असे कळवल्यावर उत्तर आले. आता त्यांना उतारा अशा स्वरूपात मिळतो की प्रत्येक ओळ तारीख, तपशील, रक्कम या क्रमाने वाचली जाते. पिन पुन्हा बदलला आहे. या वेळी तो फक्त आप्पांना ठाऊक आहे.

उतारा स्वतः ऐकता येऊ लागला त्या महिन्यात आप्पा दादाला घेऊन मामांच्या घरी गेले. मीही सोबत होते. आप्पांनी हात जोडले. मीही जोडले. मामांनी आप्पांचे हात धरून खाली घेतले, चहा केला, हंगामाची चौकशी केली. ‘मनात काही नाही,’ असे ते म्हणाले आणि ते खरे असावे. परंतु ‘पेढीवर परत या’ म्हटल्यावर ते हसून म्हणाले, ‘आता दुसरीकडे लागलोय, आप्पा.’ परतताना गाडीत कोणी बोलले नाही.

वाचकहो, आपल्या घरातील दानाची परंपरा जुनी आहे. जयपूर फूटच्या शिबिरांना आपण देणग्या देतो, नेत्रशिबिरे भरवतो. हे चांगलेच आहे. पण त्याच माणसाने आपल्या दुकानाचे ॲप उघडले तर त्याला आत येता येते का, हे आपण पाहिलेले नसते. आज संध्याकाळी घरी एवढे करून पाहा : फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर सुरू करा, डोळे मिटा आणि आपल्याच दुकानातून एक वस्तू मागवा.

मार्चअखेरीस आप्पा पेढीच्या संगणकावर एनव्हीडीए लावून वर्षाची खतावणी ऐकत होते. हा त्यांचा नवा परिपाठ आहे. एका नोंदीपाशी ते थांबले. ॲपच्या त्या अकरा दिवसांच्या कामाची रक्कम दादाने ‘धर्मादाय’ खात्यावर टाकली होती.

‘हे कोणी लिहिले?’ त्यांनी विचारले.

‘मी, आप्पा. तुमच्यासाठीच केले ना ते, म्हणून...’

‘पेढीचे दार अडकायला लागले म्हणून आपण सुतार बोलावला होता. त्याची मजुरी कोणत्या खात्यावर लिहिली होती?’

‘दुरुस्ती खात्यावर.’

‘मग हीही तिकडेच लिही,’ आप्पा म्हणाले आणि दादाने नोंद फिरवेपर्यंत थांबले. मग त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा ऐकून घेतली आणि पुढच्या पानावर गेले.